पासबुकावर मिळणारी औषधे: तमिळनाडूच्या सरकारी औषधखरेदीचा प्रकरण अभ्यास

सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीआड पूर्वी हजार-हजार गोळ्यांचे डबे असत. औषध देणारा झाकण उघडून मूठभर गोळ्या ताटलीत ओती, बोटाने दहा मोजून बाजूला सारी आणि कागदाच्या कपट्यात बांधून पुडी खिडकीतून पुढे सरकवी. पुडीवर औषधाचे नाव नसे, मुदत नसे, कोणत्या कंपनीने बनवले तेही नसे. घरात दोन आजारी माणसे असली की कोणती पांढरी गोळी कोणाची, हे पुडीच्या घडीवरून ओळखायचे. पावसाळ्यात डब्याच्या तळाला राहिलेल्या गोळ्यांना ओल लागे, त्यांच्या कडा झडत. तरी त्या दिल्या जात, कारण दुसऱ्या नसत.

तमिळनाडूत १९९५ नंतर ही पुडी मागे पडत गेली आणि तिच्या जागी स्ट्रिप आली. स्ट्रिपवर औषधाचे जेनेरिक नाव (म्हणजे कंपनीच्या ब्रँडचे नव्हे, मूळ औषधाचे), बॅच क्रमांक, मुदत, राज्य सरकारचे बोधचिन्ह आणि ‘विक्रीसाठी नाही’ अशी सूचना. त्या स्ट्रिपमागे जी व्यवस्था उभी राहिली तिचा हा अभ्यास. यात कोणी नवे औषध शोधलेले नाही, पेटंटचा खटला नाही, किमतींवर नियंत्रण आणणारा नवा कायदाही नाही. सरकारी कचेरीतले कागद आणि पैसे कोणत्या क्रमाने फिरतात, तेवढे बदलले. सात कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्यात त्यावर सरकारी दवाखान्यातल्या औषधांचा प्रश्न बराचसा सुटला. औषधांच्या किमतीवर आपल्याकडे चर्चा खूप होते, पण या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कागदांकडे फार कमी जण पाहतात. मला वाटते, खरी किंमत तिथेच ठरते.

आधीची अवस्था

१९९४ पूर्वी तमिळनाडूत औषधखरेदी एका हाती नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये एका संचालनालयाकडे, जिल्हा आणि तालुक्याची रुग्णालये दुसऱ्याकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रे तिसऱ्याकडे. प्रत्येकाची मागणी वेगळी, यादी वेगळी. बहुतेक राज्यांत तेव्हा हीच रीत होती: वरच्या पातळीवर दरकरार करायचा, म्हणजे कोणते औषध कोणत्या दराने मिळेल एवढे ठरवायचे, आणि पुढची मागणी ज्याने त्याने नोंदवायची.

ऐकायला हे सोयीचे वाटते. पण पुरवठादाराच्या जागी उभे राहून पाहा. त्याला दर ठरवून दिलेला आहे, पण माल किती जाणार ते माहीत नाही. दहा रुग्णालयांची दहा मागणीपत्रे वेगवेगळ्या महिन्यांत येणार. माल पोचला की बिल अमुक कचेरीत पडून राहणार, आणि ते कधी सुटेल हे कोणालाच सांगता येणार नाही. अशा गिऱ्हाइकाला कोणताही व्यापारी स्वस्तात माल देत नाही. पैसे अडकण्याचे व्याज, साहेबांच्या दारी घालायच्या खेपा, वाटेत ‘द्यावे लागणारे’ पैसे, हे सगळे तो दरातच धरतो. चांगल्या कंपन्या तर अशा निविदांच्या वाटेलाच जात नाहीत. मग उरतात ते मधले दलाल, आणि ज्यांच्या मालाकडे नीट पाहिले तर तो टिकणार नाही असे उत्पादक.

रुग्णालयाच्या बाजूने दृश्य वेगळे, पण तितकेच वाईट. अनुदान मार्चअखेर खर्च झाले नाही तर परत जाणार, म्हणून शेवटच्या महिन्यात जे मिळेल ते घ्यायचे. त्यामुळे एका भांडारात खोकल्याच्या औषधाची खोकी छताला टेकलेली असत, आणि शेजारच्या तालुक्यात सलाईनची बाटली नसे. डॉक्टर तपासून चिठ्ठी लिहीत आणि म्हणत, ‘बाहेरून आणा.’ हे दोन शब्द आपल्या सरकारी दवाखान्यांत इतके रुळले आहेत की त्यात काही चुकते आहे, असेही अनेकांना वाटेनासे झाले. खिशातून होणाऱ्या आरोग्यखर्चात औषधांचा वाटा सर्वांत मोठा असतो. तो वाटा या दोन शब्दांतून वाढतो.

खरेदी ढिसाळ असली की नुसते पैसे जात नाहीत. मराठी वाचकाला यासाठी तमिळनाडूपर्यंत जायला नको. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांच्या आणि मेंदूच्या विकारांसाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष निघाले. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सगळी साखळी उघडी करून दाखवली. माल कोणाकडून येतो, तो आत येताना कोण तपासतो आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत तो कुठे थांबतो, या तीन प्रश्नांना तेव्हा धड उत्तर नव्हते. पुढे तमिळनाडूने जी रचना केली ती या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणून वाचली तर लवकर कळते.

महामंडळ आणि छोटी यादी

१ जुलै १९९४ रोजी तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची कंपनी कायद्याखाली नोंदणी झाली. मालकी पूर्णपणे राज्य सरकारची, पण कारभार खात्याबाहेर. जानेवारी १९९५ पासून औषधपुरवठा सुरू झाला. आर. पूर्णलिंगम या आयएएस अधिकाऱ्याचा या उभारणीत मोठा वाटा होता. कंपनी केल्याचा फायदा असा की निर्णय फाइलच्या वीस सह्यांवर अडत नाही आणि हिशेब मात्र कंपनीसारखे दरसाल तपासले जातात.

पहिले काम यादीचे. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ साली काढली, तीत सुमारे दोनशे औषधे होती. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९७५ साली औषधउद्योगाच्या अभ्यासासाठी केंद्राने नेमलेल्या हाथी समितीने ब्रँडच्या नावांऐवजी जेनेरिक नावांकडे जाण्याची शिफारस केली होती. श्रीलंकेने औषधशास्त्राचे प्राध्यापक सेनाका बिबिले यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात मध्यवर्ती खरेदी सुरू केली, बांगलादेशाने १९८२ साली औषधधोरण आणले. म्हणजे विचार जुनाच होता. तमिळनाडूने तो खरेदीच्या कागदावर उतरवला. डॉक्टरांच्या समितीने अडीचशेच्या आसपास औषधांची यादी केली, सगळी जेनेरिक नावाने, आणि ठरवले की पैशांचा मोठा भाग याच यादीवर जाईल. यादी दरवर्षी पुन्हा पाहायची. यादीबाहेरचे, तातडीचे काही लागले तर संस्थेला थोडी रक्कम स्थानिक खरेदीसाठी मोकळी.

छोट्या यादीची गंमत वरवर कळत नाही. समजा, तापावरच्या एकाच औषधाची वीस रूपे, वीस नावांनी राज्यभर घेतली जात आहेत. प्रत्येकाची मागणी लहान, दर चढा. तीच मागणी एका नावाखाली, एका मात्रेत, एका वेष्टनात गोळा केली की ती कोट्यवधी गोळ्यांची होते. मग उत्पादक स्वतःहून दाराशी येतो. दुसरा परिणाम डॉक्टरांच्या लेखणीवर होतो. खिडकीवर जे आहे तेच लिहिले जाते. तीन औषधे एकत्र कालवलेल्या, गरज नसलेल्या मिश्रणांना सरकारी केसपेपरवर जागा उरत नाही. काही डॉक्टरांना हा आपल्या स्वातंत्र्यावर घाला वाटला, अजूनही वाटतो. त्यांच्या तक्रारीत तथ्य असते ते विशेषज्ञांच्या बाबतीत. नेहमीच्या तापखोकल्यासाठी ती तक्रार मला पटत नाही.

दोन लिफाफे

निविदा दोन लिफाफ्यांत मागवली जाते. पहिल्यात कंपनीची पात्रता: उत्पादनाचा परवाना, चांगल्या उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र, काही वर्षे ते औषध बाजारात विकल्याचा पुरावा, ठरावीक उलाढाल. व्यापाऱ्याला, वितरकाला जागा नाही. स्वतः उत्पादन करणारा किंवा थेट आयात करणाराच भाग घेऊ शकतो. कारखान्याची पाहणीही होते. पहिल्या लिफाफ्यात जो टिकला त्याचाच दुसरा, दराचा लिफाफा उघडतो. म्हणजे सर्वांत स्वस्त कोण हे विचारण्याआधी स्वस्तात देण्याची लायकी कोणाची, हे ठरलेले असते. सरकारी खरेदीत ‘सर्वांत कमी दर’ या शब्दांची सगळ्यांना धास्ती वाटते, कारण पहिला लिफाफा बहुतेक ठिकाणी नावापुरता असतो. इथे तो खरोखर वापरला गेला.

सर्वांत कमी दर ज्याचा त्याला सगळे काम देऊन टाकायचे, असेही नाही. त्या दराला यायची तयारी असलेल्या पुढच्या बोलीदारांनाही मागणीचा काही वाटा देता येतो. एकाच्या कारखान्यात आग लागली, कच्चा माल अडकला, तरी दुसरा चालू राहतो. या बारकाव्याचे महत्त्व साथीच्या दिवसांत कळते.

मिळणारे दर बाजारातल्या छापील किमतीच्या मानाने कितीतरी खाली असतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. केंद्राच्या २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत कशी काढतात? बाजारात एक टक्का किंवा अधिक हिस्सा असलेले ब्रँड किरकोळ विक्रेत्याला ज्या किमतीला पडतात त्यांची सरासरी घ्यायची आणि त्यावर किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा चढवायचा. म्हणजे सुरुवातच बाजारातल्या चढ्या किमतीपासून होते. त्या किमतीत वैद्यकीय प्रतिनिधींचे पगार, जाहिरात, घाऊक विक्रेत्यांचे नफे हे सगळे आधीच बसलेले असते. एकगठ्ठा निविदेत उत्पादक हे खर्च करतच नाही. त्याला फक्त गोळी बनवायची, स्ट्रिपमध्ये घालायची आणि जिल्ह्याच्या गोदामात उतरवायची. किंमत नियंत्रणाने छत घातले जाते, निविदेने घराचा पाया किती खोल आहे ते कळते. दोन्ही लागतात, पण दोन्ही एकच असल्यासारखे बोलले जाते तेव्हा गोंधळ होतो.

गोदामात थांबलेली खोकी

आता माल आत येतो. पुरवठादार तो चेन्नईला नेत नाही. थेट जिल्ह्यांच्या गोदामांत पोचवतो. ट्रकमधून खोकी उतरतात, मोजली जातात, बॅच क्रमांकानुसार वेगळी रचली जातात. पण ती लगेच कोणाला मिळत नाहीत. प्रत्येक बॅचमधून नमुने काढले जातात. नमुन्यावरचे कंपनीचे नाव झाकून त्याला सांकेतिक क्रमांक दिला जातो आणि तो महामंडळाने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे जातो. गोळीत औषध सांगितले तेवढे आहे का, पोटात ती वेळेत विरघळेल का, सलाईन निर्जंतुक आहे का, याची तपासणी तिथल्या माणसाने करायची. हा माल कोणाचा, हे त्याला कळू नये. निकाल चांगला आला की संगणकात त्या बॅचचे कुलूप उघडते आणि मगच माल दवाखान्यांकडे जातो. निकाल वाईट आला तर माल पुरवठादाराने स्वखर्चाने उचलून न्यायचा. असे पुन्हा घडले तर ते उत्पादन किंवा ती कंपनीच काही वर्षांसाठी काळ्या यादीत जाते.

या सगळ्या अभ्यासात माझे मन सर्वांत जास्त रेंगाळते ते इथे. गोदामातली ती थांबलेली खोकी कोणाच्या तरी डोळ्यांत खुपत असणार. बाहेर रुग्ण ताटकळत आहेत, माल आत आहे, आणि भांडारपाल म्हणतो, अहवाल आल्याशिवाय देता येणार नाही. त्या क्षणी नियम मोडण्याचा मोह किती मोठा असेल! पण जे. जे. रुग्णालयातल्या चौदा जणांसाठी अहवालापर्यंतचे हे थांबणेच झालेले नव्हते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून त्याच डायइथिलीन ग्लायकॉलने लहान मुलांचे जीव घेतले. ते औषध तमिळनाडूतल्याच एका कारखान्यात तयार झालेले होते. सरकारी पुरवठ्यासाठी बॅच-बॅच तपासणारे राज्य, आणि त्याच राज्यातला कारखाना बाहेरच्या बाजारात विष पाठवतो. महामंडळाची तपासणी त्याने खरेदी केलेल्या मालापुरती आहे, खाजगी बाजाराला तिचा काहीही आडोसा नाही, हे इतक्या क्रूरपणे कळावे याचे दुःख होते.

पासबुक

आता त्या वस्तूकडे येऊ जिच्यामुळे ही व्यवस्था इतर मध्यवर्ती खरेदीपेक्षा वेगळी ठरली. मध्यवर्ती खरेदीचा नेहमीचा आजार असा की वर बसलेला माणूस खालच्याला काय हवे ते ठरवतो. गोदामात जे जास्त झाले ते दवाखान्यांच्या गळ्यात मारले जाते. तमिळनाडूने प्रत्येक संस्थेला बँकेसारखे पासबुक दिले.

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला वर्षाला चार लाख रुपयांची औषधे आहेत. (आकडा केवळ उदाहरणासाठी.) पासबुकाच्या पहिल्या पानावर ही रक्कम जमा दिसते. केंद्राचा औषधनिर्माण अधिकारी मागणी घेऊन जिल्ह्याच्या गोदामात जातो: पॅरासिटामॉल इतके, अमॉक्सिसिलिन इतके, लोहाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे. माल मिळतो, त्याची किंमत पासबुकात खर्ची पडते, शिल्लक खाली लिहिली जाते. रोख पैसा कोणाच्या हाती येत नाही. पण काय घ्यायचे ते केंद्र ठरवते. ज्या भागात सर्पदंश जास्त, तिथले केंद्र सापाच्या विषावरच्या प्रतिविषावर जास्त खर्च करील; ज्या भागात मधुमेही जास्त, तिथले मेटफॉर्मिनवर. एखाद्याने गरजेपेक्षा जास्त उचलले आणि ते पडून राहिले, तर ते दुसऱ्या संस्थेला वळते करता येते आणि पासबुकात त्याची नोंद फिरते.

याचा परिणाम मनावर होतो. फुकट आलेल्या मालाची कोणी किंमत करत नाही. पासबुकातून शिल्लक कमी होताना दिसली की प्रत्येक खोक्याचा विचार होतो. मार्चअखेरची उधळपट्टी कमी होते. गोदामालाही कळते की कोणते औषध किती वेगाने जाते, आणि त्यावरून पुढची मागणी ठरते. नव्वदच्या दशकाच्या मध्यात, जेव्हा बहुतेक सरकारी कचेऱ्यांत संगणक प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेला असे, तेव्हा इथे साठ्याची नोंद संगणकावर होऊ लागली होती. चेन्नईत बसलेल्या माणसाला कोणत्या गोदामात काय संपत आले आहे ते दिसत होते. काही महिन्यांचा साठा हाताशी ठेवायचा आणि तो अमुक पातळीखाली गेला की नवी मागणी द्यायची, हा साधा नियम त्यामुळे पाळता आला.

पैसे कधी मिळतात

वेळेवर बिल मिळण्याची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण इतर राज्ये नेमकी इथे अडखळली. तमिळनाडूत औषधांच्या अनुदानाचा मोठा भाग खात्यांकडून महामंडळाकडे वळता होतो. म्हणजे मागणी देतानाच पैसे कुठून येणार ते ठरलेले असते. माल आला, नमुना उत्तीर्ण झाला, की ठरल्या मुदतीत बिल सुटते. उशीर पुरवठादाराने केला तर दंड त्याला.

उत्पादकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? त्याला वर्षभराची मागणी अंदाजे माहीत आहे, तो कच्चा माल एकदम घेऊ शकतो, आणि पैसे अडकणार नाहीत म्हणून व्याज दरात चढवावे लागत नाही. एखाद्या साहेबाला खूश ठेवण्याचा खर्चही उरत नाही, कारण बिल सोडणे ही मेहेरबानी राहिलेली नाही. मला तर वाटते, या राज्यातल्या कमी दरांचे अर्धे श्रेय या एका सवयीला द्यावे. निविदेचा नमुना दुसऱ्या राज्याला एका दिवसात उतरवून घेता येतो. पैसे वेळेवर देण्याची सवय उतरवून घेता येत नाही, ती दर महिन्याला पाळावी लागते.

जिथे व्यवस्था अपुरी पडली

एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत चेन्नईच्या किल्पॉक मेडिकल कॉलेजात महामंडळामार्फत रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी औषधाची थेट विक्री सुरू झाली. नातेवाईक रात्रभर रांगेत उभे राहिले. गर्दी आवरेना, म्हणून विक्री नेहरू स्टेडियमवर हलवली, आणि अखेर ती थांबवून औषध थेट रुग्णालयांना देण्याचा निर्णय झाला. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच करोनासाठी रेमडेसिव्हिर वापरू नये असा सल्ला दिला होता. खाजगी रुग्णालयांतले डॉक्टर तरीही चिठ्ठ्या देत राहिले, आणि त्या चिठ्ठ्या हातात घेऊन लोक सरकारी खिडकीवर आले. त्या नातेवाइकांना दोष देता येत नाही. आपले माणूस श्वासासाठी धडपडत असताना कोणीही ती रांग धरील. पण पंचवीस वर्षे ‘आधी यादी, मग खरेदी’ या क्रमावर उभी असलेली संस्था त्या दिवसांत उलट्या क्रमाने चालवावी लागली, आणि तिची सगळी गोदामे, सगळे संगणक तिथे उपयोगी पडले नाहीत.

दुसरी मर्यादा रोजची आहे. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्याला औषध मिळते. खाजगी डॉक्टरकडे जाणारा मात्र छापील किंमत मोजतच राहतो. उच्च रक्तदाब आणि मधुमेह आयुष्यभर सोबत राहणारे आजार. महिन्यातून एकदा कामाचा दिवस बुडवून केंद्रावर रांग लावणे ज्याला परवडत नाही, तो जवळच्या औषधाच्या दुकानातून चार दिवसांच्या गोळ्या घेतो आणि पुढचे दहा दिवस औषधाविना तसेच काढतो. गोदाम भरलेले असूनही त्याच्यापर्यंत औषध पोचलेले नसते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातल्या सामनपल्ली गावातून सुरू झालेली ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ म्हणजे ‘लोकांना शोधत येणारे उपचार’ ही योजना या फटीसाठी आहे. आरोग्य स्वयंसेविका घरी येऊन रक्तदाब आणि साखर तपासतात, गोळ्या देतात. गोळ्या घरी नेऊन द्यायच्या तर आधी त्या केंद्रावर अखंड असाव्या लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याने ‘मुदलवर मरुंदगम’ नावाची एक हजार स्वस्त औषधांची दुकानेही उघडली. महामंडळाला तीस वर्षे झाल्यावरही अशा दुकानांची गरज भासली, यातच सरकारी पुरवठ्याच्या कुंपणाबाहेर किती लोक आहेत ते दिसते.

तिसरी गोष्ट दराच्या तळाची. दर सतत खाली ढकलत नेला तर एखाद्या औषधासाठी एकदोनच उत्पादक उरतात, आणि त्यांनी पाठ फिरवली की ते औषध यादीत असून नसल्यासारखे होते. आपल्या औषधांच्या कच्च्या मालाच्या आयातीतला सुमारे दोन-तृतीयांश भाग चीनमधून येतो. तिकडे दर चढले की जुन्या दराने माल देणे उत्पादकाला जमत नाही. या धोक्यावर फक्त निविदेने उत्तर मिळत नाही. स्वस्ताई किती ताणायची याचा निर्णय कोणीतरी डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो.

इतरांनी काय उचलले

केरळने २०००च्या दशकाच्या अखेरीस असेच महामंडळ उभारले. राजस्थानने २०११ साली महामंडळ स्थापन करून २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधांची योजना सुरू केली. डॉ. समित शर्मा या अधिकाऱ्याने चित्तोडगढचे जिल्हाधिकारी असताना जेनेरिक औषधांवर केलेले काम त्यामागे होते. त्याच वर्षी के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ गटाने औषधांवरचा सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर न्यावा, असे सुचवले. हे वाक्य महत्त्वाचे आहे. तमिळनाडूची पद्धत उत्तम असली तरी पासबुकात जमा करायला रक्कम लागते. रिकामे पासबुक कितीही व्यवस्थित छापले तरी त्यावर एक गोळी मिळत नाही.

महाराष्ट्राने २०१७ साली सरकारी औषधखरेदी हाफकिन जीव-औषध महामंडळाकडे एकवटली. २०२३ साली कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणले. सहा वर्षांत रचना पुन्हा बदलावी लागली. नव्या रचनेत कोण अध्यक्ष, किती सदस्य, मुख्यालय कुठे, यावर बातम्या येतात. माझी नजर त्यातल्या कशाकडेच जात नाही. जिल्हा गोदामात माल उतरल्याची तारीख, त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल आल्याची तारीख आणि पुरवठादाराचे बिल सुटल्याची तारीख, या तीन तारखा प्रत्येक मागणीसमोर एका ओळीत लिहून संकेतस्थळावर टाकल्या गेल्या, तर एखाद्या तालुक्यातला औषधनिर्माण अधिकारीही त्या वाचून सांगू शकेल की पुढच्या महिन्यात त्याच्या खिडकीवर इन्सुलिन असेल की नाही.